दुखत नसलं तरी लागतं

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून कसलीच वेदना जाणवत नाही. पहिले दात आले तेव्हा त्याने स्वतःच्या जिभेचं टोक चावून तोडलं. तोंड रक्ताने भरलं होतं आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. पुढे पाय मोडला, तोही सूज आल्यावर आम्हाला कळला. तेव्हा एका डॉक्टरांनी आम्हालाच असे प्रश्न विचारले, जणू आम्ही पोराला मारतो. शेवटी जनुकीय तपासणीत एससीएन९ए या जनुकातला दोष सापडला. आता शाळेत मुलं त्याला कंपासमधलं कर्कटक हातात टोचून दाखवायला सांगतात आणि बदल्यात स्टिकर देतात. तो खुशीने टोचतो. माझ्या दिरांनी त्याचा व्हिडिओ काढलाय, घरी कुणी आलं की दाखवतात. म्हणतात, 'देवाने वरदान दिलंय पोराला.' परवा त्याने धाकट्या बहिणीचं बोट दारात चेंगरलं आणि ती का रडते तेच त्याला कळेना. तो दगडासारखा उभा होता. मला त्याची भीती वाटली आणि मग स्वतःची लाज वाटली. नवरा म्हणतो, मोठा होईपर्यंत त्याला काही सांगायचं नाही, घाबरेल. सासूबाई विचारतात, हे कुणाकडून आलं? मी रात्री दोन-तीनदा उठून त्याचं अंग तपासते. कुठून सुरुवात करू?
– एक आई

प्रिय ताई,

सुरुवात त्या व्हिडिओपासून करा. तो पुसून टाकायला सांगा, आजच. बाकी सगळ्याला थोडा वेळ लागला तरी चालेल, याला नको.

तुमच्या दिरांचा हेतू वाईट नसणार. ज्याला कधी दुखतच नाही असं पोर बघून कुणीही थक्क होईल. पण या आजाराचा इतिहासच मुळी अशा थक्क झालेल्या लोकांपासून सुरू होतो. १९३२ साली जॉर्ज डिअरबॉर्न या अमेरिकन डॉक्टरने पहिल्यांदा अशा माणसाची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध केली. तो माणूस रंगमंचावर स्वतःच्या अंगात सुया टोचून घ्यायचे खेळ करत असे. पुढे २००६ साली तुमच्या मुलाच्या अहवालात आहे त्याच एससीएन९ए जनुकाचा छडा लागला, तोही उत्तर पाकिस्तानातल्या अशाच एका मुलामुळे. तो रस्त्यावर खेळ दाखवायचा. दंडातून सुरी आरपार काढायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. पुढची गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. पण घरात 'वरदान' हा शब्द फिरतोय, म्हणून लिहितेच. संशोधकांनी त्याला तपासण्याआधीच तो गेला. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होत होता. मित्रांबरोबर खेळताना त्याने घराच्या छतावरून उडी मारली होती. नंतर त्याच भागातल्या तीन कुटुंबांतल्या सहा मुलांचा अभ्यास झाला. त्या सगळ्यांच्या ओठांना किंवा जिभेला स्वतःच चावल्याच्या जखमा होत्या. तुमच्या बाळाने केलं तेच त्यांनीही केलं होतं.

दिरांशी बोलताना एवढंच सांगा: 'भाऊजी, त्याला टोचून घेतल्यावर टाळ्या मिळतात हे तो शिकतोय. उद्या टाळ्यांसाठी तो काय करेल ते आपल्या हातात राहणार नाही.' वाद घालू नका, आजार समजावत बसू नका. आणि हे तुम्ही एकटीने बोलण्यापेक्षा नवऱ्याने आपल्या भावाशी बोललेलं बरं. हे काम त्यांचंच आहे.

दिरांनी कदाचित स्कॉटलंडच्या जो कॅमेरॉन या बाईंची बातमी पाहिली असेल. साठी उलटून गेली तरी आपल्याला वेदना होत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक नको म्हणाल्या तेव्हा भूलतज्ज्ञांना शंका आली, आणि २०१९ साली त्यांच्यावरचा शोधनिबंध आला. आनंदी, निर्धास्त बाई म्हणून जगभर त्यांचं कौतुक झालं. पण त्यांच्यातला जनुकीय बदल वेगळा आहे. शिवाय त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्या मुलाकडे बहुधा नाही. हात भाजला की त्यांना कातडी जळल्याचा वास येतो आणि त्यावरून कळतं. एससीएन९ए पूर्ण बंद असलेल्यांना वासही येत नाही, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम सांगते. एकदा डोळे मिटायला सांगून, वेगवेगळ्या उग्र वासाच्या वस्तू नाकाशी धरून बघा. वास येत नसेल तर धूर, गळणारा गॅस, खराब झालेलं अन्न यातलं काहीच त्याला कळणार नाही. घरात धुराचा आणि गॅसचा अलार्म बसवून घ्या.

आता तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. मुलाला सांगायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. त्यामागची माया कळते. पण तुमच्या मुलाला आधीच माहीत आहे की तो वेगळा आहे. वर्गातल्या मुलांनी ते त्याला सांगितलंय, फक्त त्यांच्या पद्धतीने: तू भारी आहेस, टोचून दाखव. तुम्ही गप्प राहिलात तर त्याच्यापुढे ही एकच गोष्ट राहील. खरी गोष्ट त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवी आणि आठ वर्षांचं मूल ती समजू शकतं.

कसं सांगायचं? त्याच्या शरीरात काय होतंय ते आधी तुम्ही दोघांनी नीट समजून घ्या. वेदनेचा संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंवर सोडियमची अगदी बारीक दारं असतात. एससीएन९ए हे जनुक त्यातलं एक दार बनवतं. ते दार बनलंच नाही तर कातडीत, हाडात काहीही बिघडलं तरी संदेश पुढे सरकत नाही. स्पर्श कळतो, गुदगुल्या होतात, गार-गरम ओळखता येतं, कारण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. म्हणून तर तो तुमच्या कुशीत शिरतो, त्याला मिठी कळते. याच जनुकात उलट्या प्रकारचा बदल झालेली माणसंही आहेत. त्यांचं हे दार नको तेव्हा उघडतं आणि हातपाय वारंवार पेटल्यासारखे जळतात. हे मी अशासाठी सांगतेय की 'मनाने कणखर', 'सोशिक', 'देवाचं देणं' या सगळ्याचा इथे काहीही संबंध नाही. एका प्रथिनाची गोष्ट आहे.

मुलाला मात्र साधं सांगा. 'घराची बेल बंद पडली तर दाराशी कुणी आलं ते कळत नाही, पण येणारा येतोच. तुझी दुखायची बेल जन्मापासून बंद आहे. तुला दुखत नाही, पण लागतं. रक्त येतं, हाड मोडतं. म्हणून आपण खिडकीतून बघत राहायचं.' एकदा सांगून पुरणार नाही. तो मध्येच काहीतरी विचारेल. बहुतेक भलत्याच वेळी, तुम्ही घाईत असताना. मग मी मरेन का, असंही विचारेल. तेव्हा 'छे, काहीतरीच काय' म्हणून विषय उडवू नका. 'नीट बघत राहिलास तर तू मोठा होशील, आणि बघायला आम्ही तुला शिकवणार आहोत' असं म्हणा. घाबरेल थोडा. थोडी भीती त्याला हवीच आहे. ती इतर मुलांना वेदनेकडून आयती मिळते, याला तुम्ही द्यायची आहे.

हे बघायला शिकवणं हाच सगळ्यात मोठा भाग आहे. डॉक्टर पॉल ब्रँड यांची आठवण इथे होते. कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोगाने मांस खाऊन नव्हे, तर बधिर हातापायांना पुन्हा पुन्हा इजा होऊन, हे त्यांनी दाखवून दिलं. अशा रुग्णांसाठी त्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रणा बसवायची, धोका झाला की इशारा द्यायचा. तो प्रयोग फसला. काम करताना इशारा आडवा आला की लोक त्याकडे दुर्लक्ष करत, यंत्रणा बंद करून ठेवत. खरी वेदना अशी बंद करता येत नाही, म्हणून ती आपल्याला वाचवते. ताई, तुमच्या घरात सध्या तो इशारा म्हणजे तुमचा आवाज आहे. 'धावू नको, चढू नको, हात लावू नको.' दिवसभर चालणाऱ्या इशाऱ्याच्या बाबतीत मूल तेच करतं जे त्या रुग्णांनी केलं. म्हणून सूचना कमी करा आणि सवयी पक्क्या करा. दात घासायचे की नाही हा प्रश्न जसा रोज विचारत नाही, तसंच अंग तपासायचं.

सुरुवातीला दोघांनी मिळून करा, पण हात त्याचा चालू दे. झोपायच्या आधी, चांगल्या उजेडात, आरशासमोर. आधी डोळे: लाल झालेत का, पाणी येतंय का. अशा मुलांच्या डोळ्यात कचरा गेला तरी ती चोळत राहतात आणि बुबुळावर ओरखडे उठतात, म्हणून वाऱ्या-धुळीत खेळताना गॉगल लावायची सवय बरी. मग तोंड: जीभ बाहेर, गाल आतून, हिरड्या. मग हाताची बोटं एकेक करून, नखांच्या कडा. मग कोपर, मनगट, गुडघा, घोटा, प्रत्येक वेळी डावा आणि उजवा शेजारी धरून. एक जास्त सुजलाय का? हाताची उलटी बाजू टेकवली तर एक जास्त गरम लागतो का? ही डाव्या-उजव्याची तुलना त्याला फार लवकर जमेल आणि मोडलेलं हाड पुष्कळदा इथेच पकडलं जाईल. मग तळवे, बोटांच्या बेचक्या. शेवटी खोलीभर चालून दाखवायचं आणि तुम्ही पाय कसा पडतो ते बघायचं. सकाळी बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकायचे. आंघोळीचं पाणी हाताने नव्हे, थर्मामीटरने बघायचं. त्याला गरम-गार ओळखू येत असलं तरी 'भाजतंय' हे कळत नाही, यात गोंधळ होऊ देऊ नका.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. आपण बसल्या बसल्या, अगदी झोपेतही, अवघडलं की कूस बदलतो. त्याला अवघडल्याचं कळत नाही, त्यामुळे सांध्यांवर एकाच जागी भार पडत राहतो आणि वर्षानुवर्षांनी सांधे झिजून बिघडतात. एका जागी बराच वेळ बसला तर उठून चालायला लावा. खेळ बंद करू नका. उंचावरून उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळून त्याला पोहण्यासारखा, सांध्यांवर भार न टाकणारा खेळ द्या. त्यात तो खरोखर तरबेज झाला तर वर्गात दाखवायला त्याच्याकडे कर्कटकापेक्षा चांगलं काहीतरी असेल. आठ वर्षांच्या मुलाला मित्रांचं कौतुक हवं असतं, त्यात त्याची चूक नाही. ते दुसरीकडून मिळेपर्यंत नुसतं 'टोचू नको' टिकणार नाही.

शाळेत जाऊन वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक, दोघांना भेटा. त्यांना एक नियम लिहून द्या: पडला, आपटला, मारामारी झाली तर तो उठून हसत पळाला तरी त्याला थांबवायचं, बघायचं आणि तुम्हाला फोन करायचा. टोचून दाखवण्याच्या खेळाबद्दल शिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर रागावू नये, सांगणाऱ्या मुलांशी बोलावं.

आता बहिणीचं बोट. तुम्हाला त्याची भीती वाटली, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पण तो निर्दय नाही. जे त्याने एकदाही अनुभवलेलं नाही ते बोट चेंगरल्यावर आपोआप कसं समजणार? फ्रान्समधल्या निकोला दांझिजे या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. जन्मजात वेदना नसलेल्या माणसांना इतरांना इजा होत असल्याच्या चित्रफिती दाखवल्या. चेहरा किंवा आवाज नसेल तेव्हा ती माणसं समोरच्याची वेदना कमी लेखत. पण चेहरा दिसला की त्यावरची वेदना ती इतरांइतकीच नीट ओळखत. म्हणजे रस्ता आहे, फक्त तो चेहऱ्यावरून जातो. तेव्हा 'तिला किती दुखलं असेल विचार कर' असं म्हणू नका, त्या वाक्यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही. 'तिच्या तोंडाकडे बघ. भुवया कशा झाल्यात? श्वास कसा घेतेय? असं दिसलं की थांबायचं, सॉरी म्हणायचं आणि आईला हाक मारायची,' असं शिकवा. आणि दुःख त्याला कळतं हे विसरू नका. एकटं पडल्याचं, कुणी बोललं नाही त्याचं, आवडती वस्तू हरवल्याचं. तिथून त्याला सांगता येईल: तेव्हा तुला जसं वाटलं ना, तसं तिला आत्ता होतंय.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: दोघांकडून आलं. हा आजार होण्यासाठी त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईची आणि एक वडिलांची. एकच प्रत बिघडलेल्या माणसाला आपल्यासारखंच दुखतं, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही. तुम्हाला आणखी मूल हवं असेल तर प्रत्येक वेळी हाच आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा त्याआधी जनुकीय समुपदेशकांना जरूर भेटा. मुलीला वेदना कळतात, म्हणजे ती सुटली. ती वाहक असू शकते, म्हणजे तिच्यातही एक प्रत बिघडलेली असू शकते, पण ती चाचणी करायची की नाही हे तिचं तिला मोठेपणी ठरवू द्या.

डॉक्टरांनी तुमच्यावर संशय घेतला, ते किती लागलं असेल! तरी एक सांगते. कारण सांगता न येणारं मोडलेलं हाड घेऊन मूल आलं की त्यांनी विचारायलाच हवं. दुसऱ्या एखाद्या मुलाचा जीव त्या प्रश्नांनीच वाचतो. यावर उपाय म्हणजे पत्र. निदान करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या: आजाराचं नाव, जनुक, आणि ठळक अक्षरांत दोन सूचना. पोट दाबल्यावर दुखत नाही म्हणून अपेंडिक्सची शक्यता सोडू नये. चालतोय म्हणून हाड मोडलं नाही असं धरू नये. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. वेदना नाही म्हणून भूल नको, असा समज कुणी करून घेऊ नये. पत्राची एक प्रत दप्तरात, एक शाळेत, एक फोटो तुम्हा दोघांच्या फोनमध्ये. घरी तुम्ही लक्ष ठेवायचं ते तापावर, गळून जाण्यावर, जेवण टाकण्यावर आणि विनाकारण चिडचिडीवर. पोटात काही बिघडलं तर त्याच्याकडून एवढंच कळणार आहे.

रात्रीचं उठणं बंद करा. झोपण्यापूर्वीची तपासणी नीट झाली, अंथरुणाजवळ धारदार किंवा तापणारं काही नसलं, की मधल्या रात्री उठून तुम्हाला नवीन काही सापडणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी थकलेल्या डोळ्यांनी तुम्ही सूज चुकवाल. आणि आठवड्यातले ठरलेले दिवस ही तपासणी वडिलांनी करायची, तुम्ही त्या खोलीतही जायचं नाही. घाबरेल म्हणून सांगायचं नाही म्हणणाऱ्या बापाने मुलाच्या पायाची बेचकी स्वतः उघडून बघितली, की सांगायची गरज त्यांना आपोआप पटेल.

औषधाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इंटरनेटवर शोधलं असणार. २००६ च्या शोधानंतर अनेक औषध कंपन्या हेच दार बंद करणारं वेदनाशामक बनवण्याच्या मागे लागल्या. याच कुळातलं दुसरं दार, ज्याला एनएव्ही १.८ म्हणतात, ते बंद करणाऱ्या सुझेट्रिजीन या औषधाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. वेदनेने तळमळणाऱ्यांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण ज्या मुलांमुळे हे सगळं कळलं त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उलट दिशेने झालेलं एक काम मात्र सांगण्यासारखं आहे. या लोकांच्या शरीरात अफूसारखी नैसर्गिक रसायनंही जास्त प्रमाणात काम करत असतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणून २०१५ मध्ये एससीएन९ए बंद असलेल्या एका स्त्रीला, त्या रसायनांना अडवणारं नॅलोक्सोन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं गेलं आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा वेदना जाणवली. ही एका व्यक्तीवरची चाचणी आहे, उपचार नव्हे. स्वतः कुठून मिळवून द्यायचा विचारही करू नका. पण पुढच्या भेटीत जनुकतज्ज्ञांना विचारा की अशा मुलांची नोंद ठेवणारं एखादं केंद्र किंवा अभ्यास चालू आहे का, आणि तुमच्या मुलाचं नाव त्यात घालता येईल का. इतक्या दुर्मीळ आजारात पुढचं औषध शोधायला संशोधकांना आधी अशी मुलं सापडावी लागतात. आणि तिथे तुम्हाला त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांचे आई-वडील भेटतील. किशोरवयात काय होतं, सायकल कधी द्यावी, हे ते माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं सांगतील.

शाळेतल्या भेटीचं काय झालं ते कळवा.